तिसऱ्या बाकावरचा अंगीकार

बाजारात त्याला सगळे काटेकोर म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि पुढे पुढे तर कुणी खऱ्या नावानं हाक मारली की तोच मागे वळून बघायचा, दुसरं कोण आलंय म्हणून. नोकरी वजनमाप खात्यात, निरीक्षकाची. दुकानोदुकानी फिरायचं, दुकानदाराचं वजन एका पारड्यात ठेवायचं, आपल्या पेटीतलं सरकारी वजन दुसऱ्या पारड्यात, आणि काटा मध्यावर उभा राहिला की वजनाच्या बुडाशी असलेल्या शिशावर शिक्का ठोकायचा. नाही राहिला तर वजन जप्त. यात गप्पा नाहीत, चहा नाही, 'अहो साहेब, बसा तरी' नाही. तो बसायचाच नाही. बसलेल्या माणसाला काटा तिरका दिसतो, असं त्याचं म्हणणं.

घरीही तेच. बायकोनं किती वाजले विचारलं की उत्तर यायचं, "चार वाजून त्रेचाळीस, या घड्याळाप्रमाणे." शेवटचे दोन शब्द जोडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. भाजी कशी झालीय? "माझ्या वाटीतली चांगली आहे." बायको म्हणायची, "जगबुडी आली तरी तुम्ही आधी पाणी मोजाल." लग्नात चर्चच्या पाळकानं 'हिला जन्मभर सांभाळशील का' असं विचारल्यावर हा पठ्ठ्या इतका वेळ विचार करत राहिला, की सासरे जागेवरून उठले. मग एकदाचा 'हो' म्हणाला. ते 'हो' एकतीस वर्षं टिकलंय हे बायकोलाही मान्य आहे, म्हणून बाकीच्या वेडाकडे ती कानाडोळा करते.

पण अशा माणसाच्या हातूनही एकदा चूक झाली. खिळे, बिजागऱ्या वजनावर विकणारा एक दुकानदार होता. भला माणूस म्हणून ख्याती, चर्चमध्ये पहिल्या बाकावर जागा. एका वर्षी तपासणी करता करता संध्याकाळ झाली, हे शेवटचं दुकान, पाय भरून आलेले. काटेकोरनं नऊ वजनं तपासली आणि दहाव्यावर तसाच शिक्का मारला. या माणसाचं काय तपासायचं, एवढंच मनात आलं. वर्षानं तेच वजन काट्यावर ठेवलं तर पारडं झपकन वर गेलं. आत लोखंड कोरून पोकळ केलेलं, वर शिशाचा पातळ पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यावर ठसठशीत शिक्का. कुणाचा? ह्याचाच. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हे.

त्यानं स्वतःविरुद्ध लेखी कळवलं. वरिष्ठ म्हणाले, "अहो, एका वजनाचं काय घेऊन बसलात!" पण तो हटेना, म्हणून त्याला ताकीद दिली. ताकीद मागून घेणारा त्या खात्यातला तो पहिलाच. आणि त्या आठवड्यात त्यानं निश्चय केला, की यापुढे आपण तपासलेलं नाही ते आपल्या हातून किंवा तोंडून खरं म्हणून पुढे जाणार नाही.

हे बुधवारी ठरलं. आणि मग रविवार आला.

त्यांच्या चर्चमध्ये उपासनेच्या मध्यावर सगळी मंडळी उभी राहते आणि आपण काय काय मानतो ते एका सुरात म्हणते. त्याला अंगीकार म्हणतात. थोडीशीच वाक्यं, शेवटी आमेन. लहानपणापासून इतकी पाठ, की म्हणता म्हणता माणूस चपलेचा तुटलेला बंद आठवू शकतो. काटेकोरही तसाच म्हणत होता, आणि तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठण्याचं वाक्य आलं तिथं त्याचं घोडं अडलं. हे आपण तपासलंय का? नाही. मग शिक्का कसा मारायचा?

नुसते ओठ हलवता आले असते. पण छे! ते तर पोकळ वजनच झालं. म्हणून तेवढ्या वाक्यापुरता तो तोंडात मिठाची गुळणी धरून ताठ उभा राहिला.

सुरुवातीला एकच वाक्य गेलं. पुढच्या वर्षी कुमारीच्या पोटी जन्माचं गेलं. मग स्वर्गात चढण्याचं, मग शेवटच्या न्यायाचं. आकाश आणि पृथ्वीच्या निर्मात्यानं चांगली चार वर्षं तग धरली, पण एका कोरड्या उन्हाळ्यात तोही गेला. क्रुसावर मरणं आणि पुरलं जाणं मात्र कधी अडलं नाही. माणसं मरतात आणि पुरली जातात, हे त्यानं पाहिलेलं होतं. अशी बारा वर्षं गेली, आणि त्याच्या विश्वासात पूर्ण खात्रीचा म्हणावा असा एकच माणूस उरला. ज्यानं मरणाचा हुकूम दिला, तो रोमी सुभेदार. त्याचं नाव आलं की काटेकोर खणखणीत आवाजात म्हणायचा.

आता तुम्ही म्हणाल, मग जायचं कशाला? रविवारी घरी बसावं, पाय पसरून पेपर वाचावा. बरोबर आहे. पण खरी गोष्ट अशी, की त्याला देव हवा होता. तो हे कुणाला सांगत नसे, कारण हवं असणं हा काही पुरावा नव्हे. पोर असताना तो याच तिसऱ्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचा, आणि तशी झोप त्याला जन्मात पुन्हा लागली नव्हती. जीव तिथं गुंतलेला आणि जीभ उचलत नाही, अशी गत. सहा दिवस बाजार पालथा घालून तो दमत नसे, पण रविवारच्या त्या एका तासानं पार गळून जायचा. घरी आला की खुर्चीत बसायचा आणि बूटसुद्धा काढायचा नाही.

बायको गाणाऱ्यांत होती, त्यामुळे तिची जागा समोर, मंडळीकडे तोंड करून. तिला सगळं दिसायचं. पहिल्या वर्षी तिनं विचारलं, "अहो, दाढ दुखते का तुमची?" तो म्हणाला, नाही. तरी तिनं त्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं एक दाढ काढली. पुढच्या रविवारीही नवरा गप्प. मग मात्र तिनं ओळखलं, की दुखणं दाढेच्या बरंच आत आहे, आणि विचारायचं सोडलं.

त्यात बाकावर शेजारी सुईणमावशी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली. अर्ध्या मंडळीनं पहिलं रडणं तिच्या हातात रडलेलं, खुद्द काटेकोरनंही. "पायाकडून आलास मेल्या," ती चारचौघांत सांगायची. "तेव्हाच म्हटलं, ह्याचं सगळं उलटं असणार." बायकांना 'जोर लाव, जोर लाव' ओरडून तिचा आवाज असा काही तयार झाला होता, की अंगीकार म्हणताना खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. काटेकोरला तो आवाज सहन व्हायचा नाही. आपण गप्प, आणि कानाशी हा गडगडाट. जागा बदलावी असं त्याच्या मनात कितीदा आलं, पण बदलायला काय कारण द्यायचं?

शेवटी बाराव्या वर्षी त्यानं पाळकाकडे अर्ज केला. रीतसर. 'विषय: मंडळीच्या यादीतून नाव कमी करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवितो की…' कारण दिलं होतं, खात्री नसणे. सोबत एक कागद जोडला होता, त्यात अंगीकारातली सगळी वाक्यं तीन रकान्यांत मांडलेली: मान्य, अमान्य, प्रलंबित.

पाळक तरुण होता, काटेकोरचा मुलगा शोभेल अशा वयाचा. त्यानं अर्ज दोनदा वाचला. हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

"काका, मान्यमध्ये फक्त सुभेदार, मरण आणि पुरणं."

"हो."

"प्रलंबितमध्ये बाकीचं सगळं. पण अमान्यचा रकाना कोराच आहे."

"अमान्य करायलाही पुरावा लागतो, पाळकसाहेब."

पाळकानं कागद घडी करून टेबलाच्या खणात ठेवला. "मग तपासणी अजून चालू आहे. चालू तपासणीत नाव कमी कसं करू? पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत थांबा. त्या दिवशीही हेच म्हणालात तर मी सही करतो."

काटेकोरला हे नियमाला धरून वाटलं. तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, "पुढच्या महिन्याअखेर मी मोकळा होईन." बायको कपडे वाळत घालत होती. तिनं हातातला टॉवेल पिळला, आधीच पिळलेला, पुन्हा पिळला. "मोकळे झालात की तिसऱ्या बाकावर कोण दिसणार मला?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. ती रडली हे त्याला कळलं. यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीलाच सुईणमावशीचा निरोप आला: येऊन जा, काम आहे. तो दुपारी गेला. एक खोली, एक पलंग, पलंगावर उघडी पिशवी. त्यात टॉवेल, दोन गाऊन, सपाता. दवाखान्याची तयारी. मावशीचा आवाज घोगरा झाला होता.

"बस."

"मी उभा बरा आहे."

"बस म्हटलं ना! वर बघून बोललं की गळा दुखतो माझा."

तो बसला.

"परवा माझा आवाज काढून घेणारेत. गाठ आहे म्हणे गळ्यात, तर आवाजाची पेटी अख्खी काढणार. जीव राहील, आवाज जाईल. मी विचारलं, जीव राहायची खात्री किती? तर डॉक्टर म्हणतो, पुष्कळ. तुझ्यासारखा नाही तो, आकडा सांगत नाही."

"मला वाईट वाटतंय, मावशी," काटेकोर म्हणाला. खरंच वाटत होतं, नाहीतर तो म्हणाला नसता.

"वाईट वाटून घ्यायला नाही बोलावलं. बारा वर्षं मी तुझं म्हणतेय, आता तू माझं म्हणायचंस."

"माझं काय म्हणताय?"

"अंगीकार, दुसरं काय! तुला काय वाटलं, ह्या वयात मला ओरडायची हौस आहे? तू जिथं मूग गिळून उभा राहतोस, तिथं मी दोघांचं म्हणते. सुभेदाराचं नाव आलं की जरा दम खाते, कारण ते तू म्हणतोस."

आपण गप्प असतो हे दीडशे माणसांत कुणाला कळत नाही, असं तो बारा वर्षं धरून चालला होता. आणि ज्या आवाजाला कंटाळून जागा बदलायला निघाला होता, त्यातला अर्धा आवाज त्याचाच होता.

"पण मला न विचारता?" तो कसाबसा म्हणाला.

"अडलेल्या बाईला विचारत बसतात का? बाई दमते, कळा येत असतात पण जोर उरत नाही. तिच्या वाटची कळ मला देता येत नाही रे. मग मी तिच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठमोठ्यानं श्वास घ्यायचे. माझा ऐकून तिचा लागायचा. तुझा काही बारा वर्षं लागला नाही, दगडा! पण म्हणून मी थांबले नाही."

"मावशी, मी खोटं म्हणणार नाही. मला खात्री नाही."

"तुझी कोण मागतंय? माझं म्हण म्हणतेय मी."

"तुम्हाला आहे?" त्यानं विचारलं, दुकानात विचारायचा त्याच आवाजात.

मावशीनं पिशवीतल्या सपाता उगीच सारख्या केल्या. "रविवारी असते. मंगळवार-बुधवारचं सांगत नाही. मूल हाताला लागेपर्यंत मला कधीच कशाची खात्री नव्हती, म्हणून काय हात बांधून बसायचं?" मग म्हणाली, "काही पोरं गेली माझ्या हातात. असा आठवडा गेला की मी चर्चमध्ये यायचे, पण तोंड उघडायचं नाही. देवाचं नावसुद्धा घ्यावंसं वाटायचं नाही, इतका राग. तेव्हा माझं तुझी आई म्हणायची."

"आई?"

"मग कोण? तिला कुठला आवाज! पण माझ्याकडे झुकायची आणि कानाशी म्हणायची, सगळं, पहिल्यापासून आमेनपर्यंत. आणि तू तिच्या मांडीवर घोरत पडलेला असायचास."

काटेकोर तसाच बसून राहिला. मावशीच्या खोलीतल्या घड्याळाप्रमाणे सात मिनिटं. मग उठला, तिची पिशवी बंद होत नव्हती ती बंद करून दिली, आणि "बघतो" म्हणाला.

बघतो म्हणजे काय, तर तीन आठवडे त्यानं डोकं खाजवलं. दुसऱ्याचं म्हणणं हे खोटं म्हणणं होतं का? उत्तर त्याला कचेरीत सापडलं. त्यांच्या खात्यात निरीक्षक आजारी पडला की त्याच्या कागदावर दुसरा सही करतो आणि सहीखाली 'करिता' असं लिहितो. तशा त्यानं स्वतः शंभर सह्या केल्या असतील. 'करिता' लिहिलं की कुणी फसत नाही. ज्याचा कागद त्याचीच जबाबदारी, हात फक्त आपला. त्याला हायसं वाटलं. बायकोला त्यानं हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बारा वर्षं लागली एक सही करायला." पण त्या दिवशी तिनं त्याचा पांढरा शर्ट काढून इस्त्री केला.

शेवटचा रविवार उजाडला. चर्चच्या दारात त्यानं पाळकाला गाठलं. "आज मी सुईणमावशींकरिता उभा आहे. माझ्या अर्जाशी त्याचा संबंध जोडू नये."

"नाही जोडत," पाळक म्हणाला. "अर्ज खिशात आहे. उपासना झाली की बोलू."

मावशी आली. चार पावलं चालून एकदा थांबत, गळ्यावर पांढरं फडकं, श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. तिसऱ्या बाकावर बसली आणि तिनं काटेकोरकडे असं पाहिलं, की एखादी पहिलटकरीण असती तर तिला जोर आला असता.

मंडळी उभी राहिली. मावशीही उठली. अंगीकार सुरू झाला, आणि काटेकोरनं तोंड उघडलं.

पहिलं वाक्य बाहेर पडलं ते गंजलेल्या बिजागरीसारखं. कित्येक वर्षांत त्या शब्दांवरून जीभ फिरली नव्हती. त्यात सवय शिक्का मारण्याची, एकेक वाक्य ठोकून. त्यामुळे मंडळी पुढे चालली आणि हा मागे राहायला लागला. सुभेदारापाशी लोक त्याच्या एक वाक्य पुढे होते. तिसऱ्या दिवसाचं वाक्य आलं तेव्हा दोन. तिथं तो अडला. मावशीकडे बघितलं. ती बोलत नव्हती, बोलूच शकत नव्हती, पण फडक्याखालून मोठमोठ्यानं श्वास घेत होती. खरखर, खरखर, त्याच्याकडे झुकून. आणि त्यानं ते वाक्य म्हटलं. मोठ्यानं. समोर बायकोच्या हातातलं गाण्यांचं पुस्तक खाली पडलं.

मंडळीचं आमेन झालं, तेव्हा काटेकोरची अजून तीन वाक्यं शिल्लक होती.

त्याला वाटलं, आता गप्प व्हावं, हसं होईल. पण कागद दुसऱ्याचा होता, अर्धवट कसा सोडणार? पाळक थांबला. हार्मोनियम वाजवणाऱ्या बाईनं हात मांडीवर घेतले. कुणी बसलं नाही. आणि त्या दीडशे माणसांसमोर काटेकोर एकटा, सावकाश, पापांच्या क्षमेचं म्हणाला, मग देहाच्या उठण्याचं, मग सार्वकालिक जीवनाचं. त्याला खात्री आली का? नाही आली. खोटं कशाला सांगू? पण बारा वर्षं तो जे एकट्यानं उभं राहून तोलत होता, ते कधीच एकट्यानं तोलायचं नव्हतं, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि अंगातून सगळा शीण उतरून गेला. त्याचे डोळे वाहत होते आणि त्यानं ते पुसले नाहीत.

मग तो आमेन म्हणाला. ते मावशीचं. तिनं मान हलवून पोचल्याचं सांगितलं.

लोक बसायला लागले. तो उभाच राहिला. आणि आणखी एकदा म्हणाला, हळू, शेजारच्यालाच ऐकू जाईल इतकं. आमेन.

मावशीनं वळून पाहिलं, आणि त्याची बाही ओढून त्याला खाली बसवलं.